अक्षांश-रेखांश साठवताना

तुझ्या ॲपमध्ये शनिवारवाडा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतोय, म्हणजे क्रम उलटा झालाय. तोंडी आपण आधी अक्षांश सांगतो, १८.५२, मग रेखांश, ७३.८६. जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती साठवायच्या फाइल-प्रकारात, मात्र आधी रेखांश लागतो. म्हणून कोडमध्ये दोन आकड्यांची नुसती यादी फिरवू नकोस, प्रत्येकाला नाव दे. पायप्रोज (निर्देशांकांचं रूपांतर करणारी पायथन लायब्ररी) वापरत असशील तर always_xy ट्रू ठेव, म्हणजे तिथेही आधी रेखांशच राहील. हे आजच कर, बाकीचं नंतर केलंस तरी चालेल.

अंश-मिनिटं-सेकंद फक्त माणसाला दाखवायला. साठवताना दशांशच. १८°३१′१३″ म्हणजे १८.३११३ नव्हे. मिनिटांना ६०ने, सेकंदांना ३६००ने भाग, बेरीज १८.५२०३ येते. या एका चुकीने ठिकाण दक्षिणेला २३ किलोमीटर सरकतं, पार खेड शिवापूरच्या बाजूला. नकाशावर ते खपूनही जातं, म्हणून ही चूक मला जास्त घातक वाटते. आकडे डबलमध्ये (६४ बिटांच्या दशांश प्रकारात) ठेव; साध्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये पुण्याचा रेखांश जेमतेम मीटरभर अचूक राहतो.

अंतर मोजायला अंशांवर थेट पायथागोरस लावू नकोस. इथे अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, रेखांशाचा साधारण १०५. शहरापुरतं काम असेल तर यूटीएम या मीटरमधल्या सपाट नकाशा-पद्धतीच्या झोन ४३ उत्तरमध्ये (तिचा ईपीएसजी यादीतला क्रमांक ३२६४३) रूपांतर कर, उत्तर मीटरमध्ये मिळेल. वेब मर्केटरच्या, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणाच्या, मीटरवर मात्र विसंबू नकोस, ते पुण्यातही अंतर पाचेक टक्के फुगवतं.

आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा हाती आला, तर आधी त्याचा डेटम बघ, म्हणजे पृथ्वीचा कुठला आकार धरून त्यातले आकडे मोजलेत ते. जुन्या एव्हरेस्ट डेटमवरचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम) समजून वापरलेस तर सगळं सरकेल.