प्रोजेक्ट फारच साधा झालाय, पुन्हा लिहू का?

पत्र: सर, मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून वाचनालयातल्या पुस्तकांची देवघेव सांभाळणारी वेबसाइट केली आहे. एचटीएमएल, सीएसएस, थोडी जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट, एवढंच वापरलं. सगळं चालतं. पण वर्गातल्या बाकीच्यांच्या प्रोजेक्टमध्ये रिअ‍ॅक्ट, मायक्रोसर्व्हिसेस, कुबरनेटिस असं काय काय आहे. ते म्हणतात, तुझं पोरकट दिसतं. मुलाखती दोन महिन्यांवर आल्यात. सगळं पुन्हा लिहू का? कोड सोबत जोडला आहे.

उत्तर: पुन्हा लिहू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इतकंच. पण कोड वाचताना आणखी काही गोष्टी दिसल्या, आणि त्यातली एक तुला आवडणार नाही.

मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं वेब डेव्हलपर होतो, आणि तेव्हा तुझ्या मित्रांच्याच पंथातला होतो. एका ग्राहकाला तीन फॉर्म हवे होते. मी मनात म्हटलं, आज तीन मागतायत, उद्या तेरा मागतील. म्हणून फॉर्म तयार करणारं यंत्रच बांधलं. रकाने डेटाबेसमध्ये, नियम डेटाबेसमध्ये, कुठला रकाना कधी लपवायचा तेही डेटाबेसमध्ये. तीन आठवडे गेले, पण मी भलताच खूश होतो. चौथा फॉर्म कधीच आला नाही. आली ती एक किरकोळ मागणी: दोन रकान्यांची बेरीज तिसऱ्यात दाखवा. साध्या फॉर्ममध्ये हे दहा मिनिटांचं काम. माझ्या यंत्राला बेरीज ठाऊकच नव्हती, त्यामुळे दोन दिवस लागले. पुढे मी रजेवर असताना ते यंत्र एका सहकाऱ्याला उघडावं लागलं. तेव्हा तो काय म्हणाला ते इथे छापण्यासारखं नाही. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर लिहिण्याच्या पद्धतीवाल्यांकडे या खोडीसाठी ‘याग्नी’ असा शब्द आहे: हे तुला लागणार नाहीये, लागेल तेव्हा बांध. गंमत म्हणजे मला तो शब्द तेव्हाही माहीत होता.

संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1986 साली सॉफ्टवेअरमधल्या गुंतागुंतीचे दोन प्रकार सांगितले. एक मूळ कामातच असते, दुसरी आपण वापरतो त्या साधनांमुळे अंगावर येते. तुझ्या वाचनालयात पहिल्या प्रकारची गुंतागुंत भरपूर आहे. एका पुस्तकासाठी तिघांनी नंबर लावलाय आणि ते फाटून परत आलं तर? ज्याचा नंबर आला त्याचाच दंड थकलेला असेल तर? हे तू सोडवलंयस, आणि कोड एकदा वाचून कळतो. मुलाखतीत बोलायचं ते याविषयी.

मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकच सॉफ्टवेअर छोट्या स्वतंत्र सेवांमध्ये तोडणं, हे मुख्यतः अनेक टीम असलेल्यांचं औषध आहे. प्रत्येक टीमला आपापला भाग स्वतंत्रपणे बदलता यावा, म्हणून ते तुकडे. तुझी टीम म्हणजे तू एकटा. उद्या तू देवघेव एका सर्व्हरवर आणि दंड दुसऱ्यावर ठेवलास, तर मधलं नेटवर्क तुटल्यावर ‘पुस्तक गेलं पण नोंद झाली नाही’ हा आजवर नसलेला बग तूच जन्माला घालशील. आणि एसक्यूलाइटला कुणी खेळणं म्हणालं तर सांग, ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये आहे. दिवसाला एक लाखापेक्षा कमी हिट्स असतील तर वेबसाइटसाठी ते सहसा पुरतं, असं ते बनवणारेच सांगतात.

मित्रांच्या प्रोजेक्टमधली पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे, मोजून बघ. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं जेमतेम 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारातून, काढून घेतलं आणि त्याच्यावर कुठेतरी खोलवर विसंबलेले असंख्य प्रोजेक्ट बिल्ड होईनात. ते पॅकेज करायचं काय, तर मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरायचं. पुढच्याच वर्षी ती सोय जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात आली.

आता न आवडणारी गोष्ट. लॉगिनमध्ये तू पासवर्ड जसेच्या तसे साठवलेस, आणि वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या वाक्याला जोडलास. याला साधेपणा म्हणत नाहीत, हे अर्धवट काम आहे. पासवर्ड हॅश करायची, म्हणजे उलट वाचता येणार नाही अशा रूपात साठवायची, तयार सोय पीएचपीत 2013 पासून आहे, आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे टाइप केलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यापासून वेगळा पाठवणं, वापरायला दोन ओळी जास्त लागतात. दंड तू तीन ठिकाणी मोजलायस. तिसऱ्या ठिकाणी सुट्टीचे दिवस वगळायचे राहिलेत. आपल्याकडे ‘सोपं’ आणि ‘साधं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाही. तीच ओळ तीनदा चिकटवणं सोपं होतं. दंडाचं एकच फंक्शन लिहिणं साधं झालं असतं.

राहिलं रिअ‍ॅक्ट. ब्राउझरमधली स्क्रीन बांधायची ती एक जावास्क्रिप्ट लायब्ररी. ते शीक. नोकरीच्या जाहिरातीत ते नाव असतं, आणि काही ठिकाणी तो शब्द नसलेला रेझ्युमे वरच्या वर बाजूला पडतो, हे नाकारून उपयोग नाही. पण या प्रोजेक्टमध्ये ते कोंबू नकोस. पुस्तक शोधायचा एक पडदा वेगळा कर: लेखक, विषय, उपलब्धता असे चार-पाच फिल्टर, आणि कुठलाही बदलला की यादी आणि आकडा लगेच बदलायला हवा. आधी नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये लिही, वैताग येईपर्यंत. मग रिअ‍ॅक्टमध्ये. तो वैताग ज्याने अनुभवलाय त्यालाच रिअ‍ॅक्ट कशासाठी आहे ते सांगता येतं. आणि त्यातही फार गुंतू नकोस. अशाच कामासाठी 2010 साली आलेलं अँग्युलर-जेएस काही वर्षं सगळीकडे मागितलं जायचं, आणि 2022 च्या जानेवारीत त्याचा अधिकृत सपोर्ट संपलेला होता.

मुलाखतीत कुणी विचारलं, यात रिअ‍ॅक्ट का नाही, तर ओशाळू नकोस. म्हण, पानावर याद्या आणि फॉर्म होते, सर्व्हरकडून आलेलं पान पुरत होतं. लगेच पुढचं वाक्यही जोड: एका वेळी पुष्कळ जण नोंदी करायला लागले तर मी एसक्यूलाइट बदलेन, कारण त्यात एका क्षणी एकालाच लिहिता येतं. आपल्या निवडीची मर्यादा स्वतःहून सांगणारा उमेदवार मी समोर बसून फार थोड्या वेळा पाहिलाय.

पासवर्डचं आजच कर, दंडाचं या आठवड्यात. मग वर्गातल्या एकाला तुझा कोड दे आणि दंडाचा दर बदलायला सांग. शेजारी बस, पण तोंड उघडू नकोस. किती मिनिटं लागली ते मला कळव. त्याच्या प्रोजेक्टमध्ये तू तसाच एखादा बदल केलास तर तेही.