घरच्या लेथवर, मिलिंग मशीनवर ओतकामाचे एमडीएफ पॅटर्न कापता येतात का? मशीन खराब होतं का?

कापता येतात, मी कापतो. (पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, एमडीएफ म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड.) मशीनला त्रास लाकडाचा नाही, तेलात बसलेल्या पुडीचा होतो. एमडीएफची पूड पिठासारखी बारीक. ती स्लाइडवरचं तेल पिते, त्याचा लगदा होतो आणि तो ओलावा धरून ठेवतो. सुरुवातीला एकदा कंटाळा करून मशीन तसंच सोडलं. आठवड्याने क्रॉस स्लाइडखाली तांबूस डाग! आता आधी स्लाइड कोरड्या पुसतो, उघड्या भागावर कागद टाकतो, व्हॅक्यूमचा पाइप कटरजवळच बांधतो आणि साफसफाई झाल्यावरच तेल देतो. हवेचा झोत मारू नका, पूड आणखी आत शिरते. मास्क लावाच, एमडीएफमध्ये सहसा फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं.

याच रेझिनमुळे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटरची धार लवकर जाते, म्हणून कार्बाइड बरा. मिलिंगचं स्पिंडल सगळ्यात वरच्या वेगावर ठेवा, धातूच्या मशीनचा तोही लाकडाला कमीच पडतो. पण कटर एका जागी घासत राहू देऊ नका, कड करपते.

उभ्या भिंतींना दीड-दोन अंशांचा उतार हवा, नाहीतर पॅटर्न वाळूतून निघताना साचा मोडतो. टेपर कटर घेतलात तर उतार कापतानाच येतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून मापात आकुंचन धरा: अॅल्युमिनियमला साधारण १.३ टक्के, म्हणजे २०० मिमीच्या भागाला पॅटर्न २०२.६ मिमी. ज्या बाजूंचं नंतर मशीनिंग करायचं, तिथे वरून २-३ मिमी.

गोल पॅटर्न दोन भागांत हवा असेल तर जुनी युक्ती वापरा. दोन तुकडे मधे कागद घालून डिंकाने चिकटवा, सांध्याची रेघ बरोबर सेंटरवर धरून लेथवर फिरवा आणि शेवटी त्या रेघेत पटाशी घालून हलकेच ठोका. कागद मधून फाटतो, दोन सारखे अर्धे हातात! डॉवेलची (दोन अर्धे जुळवणाऱ्या खुंट्यांची) भोकं मात्र चिकटवण्याआधीच पाडा. (मी एकदा विसरलो होतो. नंतर जुळवताना अख्खी संध्याकाळ गेली.) आणि टोकांना स्क्रू किंवा क्लॅम्प लावून ठेवा, नुसत्या कागदाच्या भरवशावर लेथ फिरवू नका.

कापलेल्या कडा लोकरीसारख्या राहतात आणि ओल्या वाळूत फुगतात. त्यांना लाखेच्या पॉलिशचा हात द्या, वाळल्यावर २४० नंबरचा पॉलिश पेपर मारा, पुन्हा हात द्या. मला तीन-चार हात तरी लागतात.