मनावर घेतलं तरी वजन परत का येतं?

"मॅडम, माझ्यात जिद्दच नाही हो." वजनाची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य असंच असतं. इथे ज्या ताईंबद्दल लिहिते आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), त्या बँकेत नोकरीला, चाळिशीच्या. मुलीची बारावी, सासऱ्यांचं डायलिसिस, दोन वेळचा स्वयंपाक, हे सगळं सांभाळून त्यांनी बढतीची परीक्षा दिली आणि पासही झाल्या. तरी म्हणत होत्या, जिद्द नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी वजन ८४ वरून ७० किलोवर आणलं होतं. भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद. मग ते हळूहळू परत आलं आणि ८६ वर गेलं. रोजचं खाणं आणि वजन टिपलेली वही त्यांनी सोबत आणली होती. वजन वाढलेल्या दिवसापुढे लाल पेनानं एकच शब्द: 'नालायक'. पानंच्या पानं.

ती वही मी सावकाश वाचली. लाल शब्दाच्या आदल्या दिवशीच्या नोंदी जवळजवळ सारख्याच होत्या: सकाळी नुसता चहा, दुपारी डब्यातली एक पोळी, संध्याकाळी काही नाही. आणि रात्री साडेदहाला, सगळे झोपल्यावर, ओट्याशी उभ्यानं चिवडा, उरलेला भात, लाडू. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री आपला हिशेब वसूल करत होतं.

पुढच्या वेळी यजमानांनाही बोलावलं. ते म्हणाले, "मनावर घेतलं की होतं. मी नाही का तंबाखू सोडली?" तंबाखू सोडणं खरोखर अवघड, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, आणि ते मी दिलं. पण तंबाखूला आयुष्यभर हात लावणार नाही, असं ठरवता येतं. अन्नाला दिवसातून तीनदा हात लावावाच लागतो. ताईंना तर ते शिजवून सगळ्यांना वाढायचंही असतं. यजमान बराच वेळ गप्प होते.

मग दोघांना शरीराची बाजू सांगितली. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्याचा शोध १९९४ मध्ये लागला. वजन घटलं की लेप्टिन उतरतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, शरीर उष्मांकही जपून खर्च करू लागतं. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरही लोकांची भूक आणि ही संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुण स्वखुशीनं अर्धपोटी राहिले होते. मनाचे पक्के होते ते. तरी त्यांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना. काहीजण पाककृती जमवत बसले, ताटं चाटू लागले. शिवाय माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ७० टक्के धरला जातो.

इच्छाशक्ती लागतेच. पण रात्री साडेदहाला, भुकेल्या पोटी, चिवड्याच्या डब्यासमोर ती वापरायला सांगणं हा माझ्या मते अन्याय आहे. शांत डोक्यानं किराण्याची यादी करताना ती कामी येते. आम्ही तिथून सुरुवात केली. सकाळी पोटभर नाश्ता, डब्यात दोन पोळ्या, उसळ आणि दही, बँकेतून निघण्याआधी फुटाणे. रात्री सगळ्यांबरोबर बसून जेवण. ओटा आवरण्याचं काम यजमानांनी घेतलं. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा बदल तोच.

डॉक्टरांकडून तपासण्याही करून घेतल्या. थायरॉइड ठीक होतं, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. काही औषधांनीही वजन वाढतं, उदाहरणार्थ स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावीच. मनानं गोळी बंद करू नये. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण भारतीयांत तेवढ्याच वजनाला चरबी जास्त असते.

वर्षभरात ताईंचं वजन ८१ वर आलं. शेजारणीला पाच किलो किरकोळ वाटले, पण वजन ५ टक्के घटलं तरी साखर आणि रक्तदाबावर फरक पडतो. त्यांची साखर आता मर्यादेत आहे.

मध्यंतरी त्यांनी चाचरत विचारलं, "वजन उतरवणारी ती नवी इंजेक्शनं घेणं म्हणजे फसवणूक नाही ना?" नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण हे विचारत नाही. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड या अशाच एका इंजेक्शनानं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं जवळपास दोन तृतीयांश परत आलं. म्हणून खर्च, दुष्परिणाम आणि किती काळ घ्यावं लागेल, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. ताईंचा विचार अजून चालू आहे.