पहारीचे दोन घाव

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गेल्या उन्हाळ्यात बेदाण्याचे पैसे घरात असताना मध्यरात्री दोघे जण मागचे दार फोडून आत शिरले. एकाने सासऱ्यांवर कोयता उगारला, तेव्हा माझ्या पतींनी पहार त्याच्या डोक्यात घातली. तो दवाखान्यात वारला, दुसरा पळाला. शवविच्छेदनात दोन घाव निघाले. पतींवर खुनाचा गुन्हा दाखल असून ते जामिनावर आहेत. गाव त्यांना ‘वाघ’ म्हणते. ते मात्र रात्रभर जागे असतात आणि मृताच्या आईला भेटायला जायचे म्हणतात. त्यांना शिक्षा होईल का? — एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, निकालाचे भाकीत कोणी करू नये, मीही करणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ नुसार मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती निर्माण करणाऱ्या हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क पोहोचतो. तो दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही असतो, म्हणजे सासऱ्यांसाठीही. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत मालमत्तेच्या रक्षणासाठीही हा हक्क तिथवर पोहोचू शकतो; ती तरतूद कलम ४१ मध्ये वेगळी आहे. गुन्हा नोंदवला गेला म्हणून पोलिसांनी तुमच्या पतींना खुनी ठरवले असे नव्हे; बचाव ग्राह्य आहे की नाही, हे न्यायालय ठरवते. तो संशयातीत सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर नसते, शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूने झुकले तरी पुरते.

खरी लढाई दुसऱ्या घावाची आहे. भीती असते तोवरच हक्क असतो. कोयता हातात असतानाच दुसरा घाव बसला की तो माणूस कोसळल्यावर, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. मात्र अंधारात, घाबरलेल्या माणसाने घाव सोन्याच्या तराजूत तोलून घालावा अशी अपेक्षा न्यायालये करीत नाहीत. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. सद्‌भावनेने हक्काची मर्यादा ओलांडली गेली असे ठरले, तरी गुन्हा खुनाचा न राहता सदोष मनुष्यवधाचा होऊ शकतो, आणि शिक्षेत त्याने मोठा फरक पडतो. त्या रात्री सासऱ्यांना किंवा पतींना लागले असेल, तर दवाखान्याचा कागद वकिलांकडे द्या. वकील परवडत नसेल, तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

गावाच्या ‘वाघा’ची मला जास्त काळजी वाटते. पारावर सांगितलेली गोष्ट दर वेळी थोडी वाढते, आणि ऐकणारा उद्या साक्षीदार होऊ शकतो. त्या रात्रीचा घटनाक्रम त्यांनी वकिलांनाच सांगावा. तिथले बोलणे कायद्याने गोपनीय राहते. झोप उडणे, कोणी दार वाजवले की दचकणे, हा अपराधाचा पुरावा नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. ज्याच्या हातून माणूस गेला त्याला निर्दोष सुटूनही हे होऊ शकते, म्हणून खटल्याच्या निकालाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. चार पाहुण्यांसमोर त्यांना ‘विसरून जा’ म्हणू नका; रात्री जागे असले तर नुसते शेजारी बसा.

मृताच्या आईला भेटण्याची त्यांची इच्छा मला माणुसकीची वाटते, तरीही आज जाऊ देऊ नका. ती माउली साक्षीदार असू शकते, आणि भेटीचा अर्थ साक्षीदारावर दबाव असा लावला गेला तर जामीन रद्द होऊ शकतो. खटला संपल्यावर, तिची तयारी असेल तर, तेव्हा जावे.