ट्रॉलीच्या जॅकची वाकलेली बैठक

प्रश्न : ऊसवाहतुकीच्या दोनचाकी ट्रॉलीचा जॅक (ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा दांडा उचलून धरणारा पाय) वर न घेताच ट्रॅक्टर पुढे गेला, जॅक बांधाला अडकून दांड्यावरची त्याची बैठक, म्हणजे जॅक जिच्यावर बसवलेला असतो ती पट्टी, वाकली. ती तापवून सरळ करावी का?

उत्तर : बैठक किंचितच वाकली असेल आणि वेल्डजवळ तडा नसेल, तरच ती सरळ करावी, लाल तापवून वर पाणी ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे पोलाद ठिसूळ होऊ शकते. तडा दिसल्यास जुनी बैठक ग्राइंडरने कापून, दांडा तपासून, तितक्याच जाडीची नवी पट्टी त्रिकोणी आधारासह जोडावी. वेल्ड दांड्याच्या लांबीने घ्यावा, आडवा नव्हे. त्याआधी ट्रॉली रिकामी करून चाकांना दगड लावावेत आणि दांड्याखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. निव्वळ जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये, ही कळकळीची विनंती.