दार लागतं पण मायक्रोवेव्ह सुरू होत नाही: बोर्ड बदलायच्या आधी हे बघा

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: मायक्रोवेव्ह सात वर्षांचा आहे. दार लावलं तरी आतला दिवा विझत नाही आणि स्टार्ट दाबलं तर नुसता टूं असा आवाज येतो. दाराचा वरचा कोपरा हातानं दाबून धरला तर मात्र चालतो. मेकॅनिक म्हणाला, "बोर्ड गेलाय, त्यापेक्षा नवीनच घ्या." काय करावं?

ताई, दार दाबून धरून चालवणं आजपासूनच बंद करा. घरात सगळ्यांना सांगा आणि प्लग काढून ठेवा. बाकीचं सावकाश बघता येईल.

बोर्ड म्हणजे बटणांचा हुकूम घेऊन मशीन चालवणारं आतलं सर्किट. त्याबद्दल बोलायचं तर तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कोपरा दाबला की मशीन चालतं, म्हणजे फ्यूज शाबूत आहे, मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) तापवतोय आणि स्टार्टचं बटणही बोर्डाला कळतंय. बोर्ड मेला असता तर दार कितीही दाबून काय होणार होतं? दार लागल्याची खबर बोर्डापर्यंत पोचत नाही, एवढाच दोष दिसतोय. दिवा न विझणं हीसुद्धा त्याचीच खूण. मशीनला अजून दार उघडंच वाटतंय.

मी बेळगावात उद्यमबागेत मोटारी रिवाइंड करायचो, तिथून घरगुती मशीनच्या दुरुस्तीकडे वळलो. दाराचं हे दुखणं माझ्याकडे सतत येतं, पावसाळ्यात जास्तच. तुमच्या खानापूरकडचा पाऊस मी काय सांगायचा! चार महिने भिंतींना ओल असते, कपडे वाळत नाहीत, त्या हवेत स्विचच्या आतले संपर्कबिंदू काळे पडतात. शिवाय मशीनच्या पोटात ऊब असते, म्हणून मुंग्या आणि झुरळं तिथंच घर करतात. गेल्या श्रावणात वडगावच्या एका घरातला स्विच मी उघडून बघितला. नखाएवढ्या त्या काळ्या डबीत दोन पत्र्यांच्या मधे एक मुंगी भाजून चिकटली होती. तेवढ्यावर अख्खं मशीन बंद पडलं होतं.

आता कुलूप कसं चालतं ते बघा, म्हणजे मेकॅनिकशी बोलताना तुम्हाला कुणी फसवणार नाही. दाराच्या कडेला प्लास्टिकचे दोन हूक असतात, एक वर, एक खाली. मागे स्प्रिंग असते. दार लागलं की हूक समोरच्या खाचेत शिरतात आणि आतल्या छोट्या मायक्रो स्विचांची बटणं दाबतात. असे स्विच बहुतेक मशीनमध्ये तीन असतात. दोन स्विच दार लागल्यावर जोडले जातात आणि त्यांच्यातून मशीनला वीज मिळते. तिसरा उलटा असतो, दार उघडल्यावर जोडला जाणारा. तो पहारेकरी. दार उघडलं आणि आधीचा स्विच चिकटून तसाच जोडलेला राहिला, तर हा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणून दार उघडताना फट्‌ करून फ्यूज जाणाऱ्या मशीनमध्ये नुसता फ्यूज बदलून भागत नाही, तिन्ही स्विच तपासावे लागतात.

एवढा बंदोबस्त का? आत २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी असतात, त्यांची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. दाराच्या काचेतल्या जाळीची भोकं मिलीमीटर-दोन मिलीमीटरची, त्यातून त्या बाहेर येत नाहीत. पण दार लोंबकळलं, वाकडं बसलं, तर कडेनं गळती होऊ शकते. ५ सेंटीमीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट ही गळतीची मर्यादा अमेरिकेत १९७१ पासून आहे. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे लहरींनी तिथं आलेली उष्णता लवकर निघून जात नाही. आणि कोपरा दाबून धरताना तुमचा चेहरा दारापासून वीतभरच असतो, ताई.

आता घरी काय बघता येतं ते सांगतो. प्लग काढलेलाच असू दे, झाकणाच्या स्क्रूला हात लावू नका.

दार उघडून दोन्ही हूक बोटानं खाली दाबा आणि सोडा. टक्‌ करून परत वर आले पाहिजेत. एखादा सैल लोंबत असेल तर स्प्रिंग निसटलीय. टोक झिजलंय का, तडा गेलाय का, तेही बघा. तुमचं वरच्या कोपऱ्यावर दाबल्यावर चालतं, म्हणून वरच्या हुकाकडे नीट लक्ष द्या. मग टॉर्च लावून समोरच्या खाचा बघा. दूध उतू जाऊन वाळलेला थर, खव्याचा कण, काहीही अडकतं. ओलं फडकं घट्ट पिळून पुसून घ्या, पाणी आत जाऊ देऊ नका. शेवटी बिजागरी. दार अर्धं उघडून हळूच वर उचलून बघा. खटखट हललं तर ते खाली आलंय आणि हूक खाचेत पूर्ण शिरत नाही. आपल्याकडे ओट्याशेजारी मशीन असलं की ओलं फडकं दाराच्या हँडललाच टांगतात. वर्षानुवर्षं ते वजन दार खाली ओढतं. तुमच्याकडेही तसं असेल तर ते आधी काढा.

दुसऱ्या कुणाचं मशीन स्टार्टच घेत नसेल तर चाइल्ड लॉक लागलंय का तेही बघावं. पडद्यावर कुलपाची किंवा किल्लीची खूण असते, बहुतेक मशीनमध्ये स्टॉप काही सेकंद दाबून धरलं की निघतं. तुमचं तसं नाही, दिवाच सांगतोय.

याच्यापुढचं काम जाणत्या माणसाचं. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज राहू शकतो. तो माणूस मारतो. मी स्वतः झाकण काढलं की आधी तो डिस्चार्ज करतो, मगच बोट घालतो. मेकॅनिकला सांगा, "डोअर स्विच मीटर लावून दाखवा." स्विच सुटा करून बटण दाबलं की मीटर वाजला पाहिजे, सोडलं की थांबला पाहिजे, पहारेकऱ्याचं बरोबर उलटं. दोन मिनिटांचं काम आहे. बोर्डाच्या किमतीपुढे स्विच अगदीच किरकोळ, आणि एक गेला असेल तर तिन्ही एकदम बदलून घ्यावेत असं माझं मत. नवा स्विच जुन्याच जातीचा आणि तेवढ्याच अँपिअरचा हवा. जुने काढलेले तुमच्याकडे मागून घ्या.

आणि एक वाक्य कधीही मान्य करू नका: "डायरेक्ट करून देतो." शहापूरच्या एका मावशींकडे मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामाला, थाळी फिरत नव्हती म्हणून. मावशी म्हणाल्या, "आता दार उघडलं तरी चालायलंय बघ, बरं पडतंय." माझ्या पोटात गोळा आला. झाकण काढलं तर दोन्ही स्विच वायरच्या तुकड्यानं जोडलेले, आणि फ्यूज उडू नये म्हणून पहारेकऱ्याची वायर कापून टेप गुंडाळलेली. ज्यानं केलं त्याला सगळं कळत होतं, तरी केलं. त्यांचा चार वर्षांचा नातू रोज त्या मशीनसमोर स्टूल टाकून दूध गरम व्हायची वाट बघत उभा राहायचा. मी मशीन तिथंच बंद ठेवलं, दुसऱ्या दिवशी स्विच घेऊन गेलो आणि वायरिंग पहिल्यासारखं करून दिलं.

दुरुस्ती झाली की मेकॅनिक घरात असतानाच बघून घ्या. आत कपभर पाणी ठेवा, रिकामं कधी चालवायचं नाही. दार लावलं की दिवा विझला पाहिजे. स्टार्ट करा, दाराला हात न लावता चाललं पाहिजे. मधेच दार उघडा, घरघर त्याच क्षणी थांबली पाहिजे. असं पाच-सहा वेळा करा. एकदा जरी चुकलं तरी पैसे द्यायच्या आधी झाकण पुन्हा उघडायला लावा. आणि वरचा हूक कसा निघाला ते इथं कळवा, तुटलेला असेल तर मशीनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहा. त्यावरून कुठला हूक लागेल ते बघून सांगतो.