वर्षात किती हाफ मॅरेथॉन धावाव्यात, आणि दोन तासांच्या आत कधी येईन?

प्रश्न असा आहे: "वय 39. पहिली हाफ मॅरेथॉन 2 तास 16 मिनिटांत पूर्ण केली. आता वर्षात किती हाफ धावाव्यात, आणि दोन तासांच्या आत यायला किती वेळ लागेल?"

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. जीव तोडून दोन. बाकी कितीही धावा, पण शेजारच्याशी गप्पा मारत. दुसऱ्या भागाचं उत्तर द्यायचा मला अधिकार आहे की नाही, यावर आमच्याकडे वाद आहे. तो खाली येईलच.

मी 47 वर्षांचा. ठाण्यात राहतो, कारखान्यात क्वालिटीला आहे. गेज, व्हर्नियर, मायक्रोमीटर यांचं कॅलिब्रेशन करण्यात, म्हणजे ही मापं बरोबर मोजतात ना ते तपासण्यात, 22 वर्षं गेली. म्हणजे कुणी माप सांगितलं की "कशानं मोजलं?" हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतो. हा गुण कारखान्यात चालतो, सासुरवाडीत चालत नाही.

मागच्या जानेवारीत मुंबईला मी 2:06:40 मध्ये आलो. त्याच दिवशी लोकलमध्ये मेडल खिशात घालून ठरवलं की पुढच्या मुंबईपर्यंत दोन तास मोडायचेच. आणि जो मूर्खपणा तुम्ही आता करणार आहात तोच केला: दिसेल त्या रेसला पैसे भरले. फेब्रुवारीत एक, सप्टेंबरात सातारा, ऑक्टोबरात दिल्ली, डिसेंबरात वसई-विरार, मग परत मुंबई.

फेब्रुवारीतल्या रेसचं नाव घेत नाही. नवे आयोजक, हौस दांडगी, नियोजन यथातथा. 14व्या किलोमीटरला पाणी संपलेलं. वळायच्या ठिकाणी एक पोरगा स्कूटर आडवी लावून उभा होता, आणि तो भलत्याच ठिकाणी उभा आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. हाफचं अंतर 21.1 किलोमीटर, आणि शेवटच्या कमानीखालून गेलो तेव्हा माझ्या जीपीएस घड्याळात 20.3. वेळ 1:58. मी तो आकडा वहीत लिहिलासुद्धा नाही.

माझे थोरले साडू त्याच रेसला पुण्याहून आले होते. त्यांची वेळ 1:56:20. मे महिन्यात त्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. हॉलमध्ये शिरलो तर गणपतीच्या फोटोशेजारी ते सर्टिफिकेट, काचेच्या फ्रेममध्ये. साडू प्रत्येक पाहुण्याला "सब-टू, सब-टू" म्हणजे काय ते समजावून सांगत होते. माझ्या एका हातात जिलेबीची वाटी, दुसऱ्या हातात मठ्ठा. सासूबाई म्हणाल्या, "बघा, यांनी दोन तासांच्या आत केली, तुमचं राहिलंय ना अजून?" आणि मी बोलून गेलो. म्हटलं, "आई, ते 20.3 किलोमीटरचं सर्टिफिकेट आहे. पूर्ण अंतराला त्याच वेगाने धरलं तर दोन तास आणि वर चोपन्न सेकंद होतात. हवं तर घड्याळ दाखवतो." चोपन्न सेकंद! ते मी गाडीत येतानाच काढून ठेवले होते, हे बायकोच्या बरोबर लक्षात आलं. परतीच्या वाटेवर लोणावळा येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

असो. सातारा. 2012 पासून होणारी ही हिल मॅरेथॉन तुम्ही एकदा कराच, पण वेळेसाठी नको. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. चढ माणसाला मारतो असं सगळे सांगतात. चढ काही करत नाही, चढाला आपण आपोआप हळू होतो. मारतो तो उतार. धुक्यातून खाली येताना मला वाटलं, आता मिनिटं वसूल करू. घाट संपेपर्यंत मांड्यांचा भुगा झाला होता. 2:19. पुढचे चार दिवस ठाणे स्टेशनचा पूल उलटा, पाठमोरा उतरायचो. लोक बघायचे.

त्या मांड्या घेऊन पाच-सहा आठवड्यांत दिल्ली. सपाट रस्ता, सगळे म्हणतात वेळ काढायची तर दिल्लीतच. खरंच आहे. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2020 मध्ये तिथेच 1:00:30 ची वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला होता. म्हणजे किलोमीटरला 2 मिनिटं 52 सेकंद. दोन तासांत यायला तुम्हा-आम्हाला 5:41 लागतात. आपला एक किलोमीटर होईतो त्याचे जवळजवळ दोन होतात. हे लक्षात ठेवलं की फुशारकी आवरते, निदान मे महिन्यापर्यंत. मी दिल्लीत 2:09 केलं. जाण्या-येण्याचं तिकीट, राहणं, दोन दिवसांची रजा, आणि मागच्या जानेवारीपेक्षा वाईट वेळ. हे घरी सांगताना मी दिल्लीच्या हवेला दोष दिला. दोष साताऱ्याचा होता, म्हणजे माझा.

वसई-विरारला शहाण्यासारखा वागलो. आधी सहा आठवडे एकही रेस नाही. मंगळवारी उपवनला हजार मीटरचे सहा जलद तुकडे, गुरुवारी टेम्पो, म्हणजे दमवणारा पण टिकवता येणारा एकसारखा वेग, रविवारी येऊर चढून-उतरून 18 ते 20. बाकी दिवस इतकं हळू, की सोसायटीतल्या काकूही चालत पुढे जाव्यात. आठवड्याला 45 किलोमीटर, त्यापेक्षा जास्त नाही. वसईत रस्त्याच्या कडेला शाळकरी पोरं हात पुढे करून उभी असतात, टाळी देता देता तळवा लाल होतो. 2:02:50. वर्षातली एकच रेस जिच्यात शेवटचे तीन किलोमीटर सुरुवातीच्या तीनपेक्षा जलद गेले. तुम्हाला प्रशिक्षणाचं उत्तर हवं असेल तर ते या परिच्छेदात आहे, बाकी सोडून द्या.

आता मुंबई, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

हाफ माहीमहून पहाटे अंधारात सुटते. त्या दिवशी खास लोकल सोडतात, डबाभर माणसं हाफ पँटीत, सगळीकडे बामाचा वास. मी दोन तासांच्या पेसरच्या बसमध्ये शिरलो. पेसर म्हणजे ठरलेल्या वेळेत नेऊन पोहोचवणारा धावपटू; बस म्हणजे झेंडावाला पेसर आणि त्याच्या मागे लोंबकळणारे आम्ही पंचवीस-तीस. सी लिंकवर वारा अंगावर घेत बस बरोबर चालली होती. पण मला पाणी लागतं. टेबल डावीकडे, मी उजवीकडे. तिरपं जायचं, पेला घ्यायचा, तिरपं परत यायचं. वळणावर गर्दी आतल्या बाजूला, म्हणून मी बाहेरून. पेडर रोडच्या चढाला बस सुटली. तिथल्या एका आजींनी हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला, तो मरीन ड्राइव्हपर्यंत चघळत होतो. घड्याळ सरासरी 5:37 दाखवत होतं. 5:41 पुरतात, आपण 5:37 ने आहोत, झालं काम, असा माझा हिशोब. 22 वर्षं कॅलिब्रेशन केलेल्या माणसाचा हिशोब.

मरीन ड्राइव्ह सोडून आत वळलो आणि सीएसएमटीच्या दिशेने शेवटचा पट्टा सुरू झाला. घड्याळ वाजलं. 21.1 किलोमीटर. 1:58:38. मी दोन्ही हात वर केले. खरंच केले. तोंडातून काहीतरी आवाजही निघाला. सात-आठ पावलं तशीच हात वर करून टाकली, मग वर पाहिलं. कमान अजून तीनशे मीटरवर होती.

त्यानंतरचं पळणं म्हणजे सुटलेली बस पकडायला पळतात तसं. पायात काही राहिलं नव्हतं, कारण डोक्याने पायांना सांगून टाकलं होतं की झालं. मॅटवरून गेलो तेव्हा घड्याळात 21.42 किलोमीटर. दुपारी निकाल आला. चिप टाइम, म्हणजे बिबला (छातीवरच्या नंबराच्या कागदाला) लावलेल्या चिपने सुरुवातीच्या मॅटपासून शेवटच्या मॅटपर्यंत मोजलेली वेळ, 2:00:31.

ही वेळ मी घरी "दोनच्या आसपास" अशी सांगितली. सकाळी "चाललो" म्हणून कौतुकाने कुटुंबाच्या ग्रुपवर बिबसकट फोटो टाकला होता. बिब नंबर टाकला की निकाल दिसतो, आणि फोटोही. संध्याकाळी साडूंनी ग्रुपवर एक फोटो टाकला. मी, हात वर, डोळे मिटलेले, आजूबाजूला सगळे मान खाली घालून पळताहेत, कमानीचा कुठेही पत्ता नाही. खाली एकच ओळ: "साडूभाऊ कुठे पोहोचले?"

मी चिडून लिहिलं की माझ्या घड्याळात 21.1 किलोमीटर 1:58:38 मध्ये झाले आहेत. त्यावर त्यांचं उत्तर आलं, आणि ते आजतागायत मला टोचतं आहे: "माझ्या वेळी घड्याळ खरं आणि चिप खोटी. आज घड्याळ खरं धरायचं की चिप, ते एकदा ठरवा, म्हणजे फ्रेम काढायची की ठेवायची ते आम्हाला ठरवता येईल." सासूबाईंनी खाली हसण्याचं चित्र टाकलं. बायकोनेही.

तर ठरवून टाकतो, इथे, तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने. खरं ना घड्याळ, ना चिप. खरा रस्ता. प्रमाणित रस्ता सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला मोजणी यंत्र असतं, आणि ते मोजणीच्या आधी आणि नंतर पोलादी टेपने आखलेल्या अंतरावर तपासून घेतात. सायकल कडेपासून सुमारे 30 सेंटिमीटरवरून, शक्य त्या सर्वांत जवळच्या रेषेने नेतात. वर हजाराला एक या हिशोबाने जास्तीचं अंतर घालतात, हाफला 21 मीटर, म्हणजे कितीही चूक झाली तरी रस्ता कमी भरू नये. असा रस्ता असेल तिथे चिप म्हणेल ते मान्य करायचं. मुंबईत मी 320 मीटर जादा पळालो ते पाण्याच्या टेबलांकडे तिरपं जाऊन आणि वळणं बाहेरून घेऊन. थोडा दोष उंच इमारतींमध्ये भरकटणाऱ्या घड्याळाचाही असेल. त्या 320 मीटरांत जवळजवळ दोन मिनिटं गेली. ती माझीच गेली, रस्त्याने खाल्ली नाहीत. म्हणून मुंबईची माझी वेळ 2:00:31. मान्य. लिहून दिलं.

पण फेब्रुवारीचा रस्ता सायकलने मोजलेला नव्हता, स्कूटरवाल्या पोराने ठरवलेला होता. तिथे चिपने फक्त वेळ मोजली, कशाची वेळ हे तिलाही माहीत नाही. घड्याळं शक्यतो जास्तच दाखवतात, तरी आमच्या दोघांच्याही घड्याळात 20.3. हो, त्यांच्याही. वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या स्ट्रावावर, म्हणजे पळणं नोंदवायच्या अ‍ॅपवर, मी पाहिलं होतं. तेव्हा फ्रेम काढावी.

तुमच्यासाठी यातून एवढंच की 5:41 चा आकडा विसरा. मोठ्या गर्दीच्या रेसला घड्याळात अंतर 21.3 ते 21.4 भरणार हे गृहीत धरा आणि 5:35 ने पळा. 5:41 धरून पळालात तर दोन तास दीड मिनिट होईल आणि तुम्हीही कुठेतरी हात वर कराल. वळण आतून घ्या. पाण्याचं टेबल दिसायच्या आधीच त्या बाजूला सरका. आणि ज्या रेसच्या जाहिरातीत मेडलचं वजन लिहिलेलं असतं आणि रस्ता कुणी मोजला ते नसतं, तिथे वेळ काढायला जाऊ नका. मित्रांबरोबर पोहे खायला जा.

दोन तासांच्या आत कधी? 2:16 वरून, न चुकता आठवड्याला चार दिवस पळालात तर वर्ष-दीड वर्ष. माझा अंदाज आहे हा, मी कोच नाही. महागड्या कार्बन प्लेटच्या बुटांच्या भरवशावर राहू नका. साडूंकडे आहेत ते.

एक राहिलंच, खरं तर वर लिहायला हवं होतं. चाळिशीच्या तोंडावर आहात, तर वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर टाळाटाळ करूच नका. आणि नडगी किंवा टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखायला लागली तर त्या महिन्याची रेस सोडा, पैसे गेले तर गेले. मी दिल्ली सोडायला हवी होती.

या वर्षी मी फक्त वसई-विरार आणि मुंबई भरली आहे. मुंबईला साडूंनीही नाव घातलंय असं बायकोकडून कळलं. यंदा बिब नंबर ग्रुपवर टाकणार नाही. तुम्हीही टाकू नका.